माईंच्या घराची किल्ली

१९५४चा वैशाख, भर दुपार. खर्च झाला तो सिनेमाच्या तिकिटाचा, दहा आणे. हजर दोघं, समोरच्या घरातल्या माई आणि मी. त्यातला मी तिथे होतो हे आजवर कुणालाच ठाऊक नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगायला बसलो आणि एवढ्यात दोनदा दाराकडे पाहून झालं.

आधी किल्ल्यांचं सांगतो. संस्थान विलीन झालं आणि मध्यभारताची राजधानी अर्धं वर्ष ग्वाल्हेरला, अर्धं वर्ष इंदूरला राहू लागली. उन्हाळा आला की फायलींच्या पेट्या इंदूरला निघत, त्यांच्यामागून कारकून आणि त्यांची बिऱ्हाडं. ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या आमच्या गल्लीतली सात घरं तेव्हा बंद व्हायची. मी खजिन्यात हिशेबाला, माझी नोकरी जागची हलत नव्हती. म्हणून साती घरांच्या किल्ल्या माझ्या खुंटीवर. "भाऊंकडे दिली म्हणजे ट्रेझरीत ठेवली," असं लोक म्हणत.

मला ते ऐकायला आवडायचं का? आवडणं म्हणजे काय, हेच मला नीट कळत नव्हतं. वडील गेले तेव्हा मी लाकडांचा हिशेब पैपर्यंत जुळवला, पण रडलो नाही. स्वभाव असतो एकेकाचा, असं मी धरून चाललो होतो.

मग तो सिनेमा पाहिला. गुन्ह्याचे तसले सिनेमे तेव्हा बरेच लागत. त्यातला माणूस चांगल्या कपड्यांतला, चांगल्या नोकरीतला, आणि आतून पार बधिर. बायको समोर रडते, हा खिडकीबाहेर बघतो. एके दिवशी तो परक्या घरात शिरतो. चोरत काही नाही, नुसता उभा राहतो — आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत जीव येतो. मी तो सिनेमा तीनदा पाहिला. सिनेमाने मला बिघडवलं असं म्हणणं सोपं आहे. पण शेजारी बसलेली माणसं तोच सिनेमा पाहून घरी जाऊन जेवली ना?

उन्हाळ्यात कचेरी सकाळची. दुपारी बायको-मुलं निजली की मी खुंटीवरची एखादी किल्ली घ्यायचो. पुढचं कुलूप तसंच ठेवून मागच्या बोळातल्या दाराचं कुलूप काढून आत. कशाला हात लावायचा नाही. बसायचं, आणि छातीतली धडधड ऐकायची. बस्स. एवढंच — असं मी स्वतःला सांगत होतो.

त्या रविवारी सकाळच्या खेळाला तो सिनेमा तिसऱ्यांदा पाहून आलो आणि दुपारी दत्तूच्या घरात शिरलो. दत्तू सचिवालयातला, इंदूरला गेलेला. त्याची आई, माई, उन्हाळ्यापुरती नया बाजारात लेकीकडे राहायची. मी मधल्या खोलीत झोपाळ्यावर बसलो होतो. पुढचं कुलूप वाजलं.

पदराला बांधलेली एक किल्ली माईंकडेही असे, हे मला ठाऊक होतं. लोणच्याची बरणी न्यायला त्या आल्या होत्या. मी कोठीच्या दारामागे गेलो. झोपाळा थांबवायचा राहिला.

त्या आत आल्या आणि उभ्याच राहिल्या. मग हिंदीत म्हणाल्या, "कौन है?" आपल्यातला कुणी असा शिरेल हे त्यांच्या मनातही आलं नसणार. थोडं थांबून, बारीक आवाजात, "कोण आहे रे?" त्या मागे सरकल्या, उंबरठ्याला अडखळल्या, पडल्या. आणि हाक मारली ती — "भाऊ! अहो भाऊ, धावा!"

मला. माझ्या घराच्या दिशेने तोंड करून.

मी हललो नाही. आता जे सांगायचं आहे ते याहून वाईट आहे. दारामागे, त्या हाकेने, माझं काळीज असं उडालं की — मला बरं वाटलं. जिवंत वाटलं. त्याची भीती आजही गेलेली नाही. भुताखेताची वाटावी तशी मला माझी वाटते.

मी मागून निघालो, कुलूप लावलं, बोळाला वळसा घालून पुढच्या दाराने धावत आलो. माईंचं मनगट मोडलं होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी मला धरून ठेवलं. "झोपाळा हलत होता हो, भाऊ."

दत्तू इंदूरहून आला. घरातलं काहीच गेलेलं नव्हतं. त्याने विचारलं, "किल्ली कुणाला दिली होतीत का?"

"खुंटीवरून हललेली नाही," मी म्हणालो.

"मग आईचंच काहीतरी झालंय. वय झालं आता, क्या करें?"

त्याने माईंच्या पदराची किल्ली सोडून घेतली. त्यांनी पुढे कितीदा तरी तेच सांगितलं. ऐकणारे हसायचे. नातवंडं झोपाळ्याला धक्का देऊन ओरडायची, "आजी, बघ, हलतोय." हळूहळू माई सांगेनाशा झाल्या. मग मलाच एकट्याला गाठून विचारू लागल्या, "भाऊ, खरं सांगा, मला भ्रम होतो का हो?"

मी म्हणायचो, "उन्हाचं होतं असं, माई."

त्या सिनेमात शेवटपर्यंत त्या माणसाचाच चेहरा दाखवतात. ज्याच्या घरात तो शिरला त्याची नुसती किंकाळी ऐकू येते. पुढे त्याचं काय झालं, ते दाखवत नाहीत. मी मात्र रोज समोरच्या ओट्यावर पाहत होतो.

छप्पन साली मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि दत्तूची कायमची बदली झाली. माईंना ग्वाल्हेरातच मरायचं होतं. लेक सांभाळायला तयार होती. पण लेकीच्या घरचे दिवसभर बाहेर असत, आणि डोकं फिरलेल्या बाईला एकटं ठेवायचं कसं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. माझंही मत विचारलं. मीही तेच सांगितलं. घर विकलं. भोपाळला दुसऱ्याच वर्षी माई गेल्या.

निघायच्या दिवशी दत्तूने मला एक्कावन्न रुपये दिले, इतकी वर्षं किल्ली सांभाळल्याबद्दल. ते माईंनीच द्यायला लावले होते. "त्या दिवशी भाऊच धावून आले," असं त्या टांग्यात बसूनही म्हणत होत्या.

मी ते मोजून घेतले.