कडेच्या बाई

जंगल संपतं तिथे काय सुरू होतं? ‘पडीक जमीन’ असं उत्तर तुमच्या तोंडी आलं असेल, तर तुम्ही कुठल्याही हरित समितीचे अध्यक्ष व्हायला लायक आहात.

आमच्या प्राणिशास्त्राच्या बाई नेमक्या तिथेच थांबायच्या. राधानगरीच्या सहलीत आम्हाला आत जाऊन गव्यासोबत फोटो हवे असायचे. बाई गाडी अलीकडेच थांबवायच्या, जिथे उंच झाडी विरळ होत झुडपांत आणि झुडपं सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या गवतात मिसळतात. म्हणून त्या ‘कडेच्या बाई’.

“मॅडम, हितं काय हाय बघण्यासारखं?” एकजण वैतागला.

“तू हाईस की! आता गप उभारून त्यो बुलबुल बघ.”

मग त्या सांगायच्या. बुलबुलाची तीच जात आत सावलीत राहते आणि इथे उन्हावाऱ्यातही. इथलं खाणं वेगळं, लपायला जागा कमी, वरून ससाण्याची झडप. ज्यांना हे पेलतं त्यांचीच पिल्लं वाढतात. आतल्यांशी सोयरीक चालू असली, तरी पिढ्यान्‌पिढ्या कडेच्या पक्ष्यांचे पंख, चोच, हाक वेगळी घडू शकते. “आतलं रान जाती सांभाळतंय,” त्या म्हणायच्या, “पण नवं घडायला अशी कड लागती.”

निवृत्तीनंतर त्या एकाच उतारावर वर्षानुवर्षं पक्षी पाहत राहिल्या. परदेशात असं आढळलं होतं; आपल्याकडचे कडेचे पक्षी खरंच वेगळे होताहेत का, एवढंच त्यांना मरण्यापूर्वी कळायला हवं होतं.

एका पावसाळ्यात त्याच उतारावर हरित समिती आली. बॅनर, फेटे, जेसीबी. झुडपं उपटून रोपांसाठी खड्डे पाडू लागली. बाई आडव्या गेल्या.

“पावणं, ही जागा रिकामी न्हाय. नांदत्या घरात कुणी पाया खणतंय व्हय?”

अध्यक्ष खदखदून हसले. “झाडं लावू नका म्हणणारी शिकलेली बाई पहिल्यांदाच बघतोय!” मागचे सगळे हसले, कारण अध्यक्ष हसले होते. ऑस्ट्रेलियन बाभळी लागल्या, फोटो छापून आले, पक्षी गेले. बाईंचा प्रश्न अर्धाच राहिला.

गेल्या महिन्यात बाई वारल्या. शोकसभेत त्याच अध्यक्षांना हुंदका आला आणि त्यांनी बाईंच्या नावाने ‘स्मृतिवन’ जाहीर केलं. कुठे? त्याच डोंगराच्या पलीकडे, उरलेल्या कडेवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत!

येत्या रविवारी ही मंडळी निघणार आहेत. तुम्हालाही निरोप येईल, टोपी मिळेल. जरूर जा. पण कुदळीला हात लावू नका. जेसीबी आणि झुडपांच्या मधे उभे राहा, आणि रोपांचा टेम्पो शिरोली एमआयडीसीच्या बोडक्या रस्त्यांकडे वळवूनच घरी या.