बंद हाय

नव्वदच्या दशकात माझी पोस्टिंग विमानविरोधी तोफखान्याच्या टार्गेट सेक्शनमध्ये झाली. तोफांच्या सरावाला आकाशात काहीतरी उडतं लागतं. ते आम्ही उडवायचो. दोघांनी उचलायचं विमान, रेडिओवर चालणारं, पुढे पेट्रोलचं इंजिन आणि लाकडी पंखा. मी नाईक, गाव महाळुंगे पडवळ. माझा जोडीदार लान्स नाईक सोपान, ओतूरचा. आंबेगाव आणि जुन्नर शेजारचे तालुके, त्यामुळे पहिल्या दिवसापासून आमचं जमलं.

लोकांना वाटतं, विमान उडवणं अवघड. त्याहून अवघड असतं ते इंजिन हाताने सुरू करणं. सकाळी ०६०० वाजता विमानाचं शेपूट खुंट्याला बांधायचं. एकाने स्विच सांभाळायचा, दुसऱ्याने पंखा. पंख्यावरच्याच्या हातात जाड चामड्याचा हातमोजा. आधी स्विच ऑफ ठेवून पंखा हळू फिरवायचा, म्हणजे इंजिन पेट्रोल ओढून घेतं. मग स्विच ऑन, पंख्याला झटका, आणि त्याच झटक्यात हात बाहेर. स्विच ऑन असताना पंखा हळू फिरवला तर इंजिन कधी पेटेल याचा नेम नाही.

म्हणून बोलणं ठरलेलं होतं. पंख्यावरचा विचारणार, "स्विच ऑफ?" दुसरा स्विचकडे बघणार, त्याला बोट लावणार आणि मग म्हणणार, "स्विच ऑफ." तोवर पंख्याला हात नाही. एकदा मी आणि सोपान इंजिनपाशी मराठीत बोललो. आमचे हवालदार दक्षिणेकडचे. त्यांनी आम्हाला तिथेच सावधान उभं केलं.

"इंजन के पास घर की बोली नहीं. समझे?"

"जी, साब."

मला त्याचा फार राग आला. दोन मराठी माणसांनी आपसात मराठी बोलायचं नाही म्हणजे काय? तो राग मी पेन्शनबरोबर घरी घेऊन आलो.

सोपान आणि मी एकाच वर्षी सुटलो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. सोपानने दोन पावसाळे खपून स्वतःचं विमान बांधलं. लोणीच्या शाळेत प्रजासत्ताक दिनाला ते उडवून दाखवायचं ठरलं. आदल्या दिवशी सकाळी सातला आम्ही दोघेच विमान जीपमध्ये घालून लोणीच्या माळावर आलो. शेपूट बांधलं, हातमोजा चढवला, सगळं पद्धतशीर. बोलणं मात्र आता घरचं. हवालदार थोडेच ऐकणार होते?

सात वीसला इंजिन सुरू झालं. मिनिटभर चाललं आणि खोकून थांबलं.

"पेट्रोल वढत न्हाई वाटतं," सोपान म्हणाला. हातमोजा काढून त्याने पेट्रोलची नळी चाचपली. मग पंख्याकडे वळला. "बंद हाय का?"

मी पंख्याकडे बघितलं. पंखा थांबलेला होता.

"बंद हाय," मी म्हणालो.

त्याने विचारलं होतं स्विचचं. मी सांगितलं इंजिनाचं. स्विच माझ्या हाताशी होता आणि ऑन होता. सोपानने पंखा हळू फिरवला. गरम इंजिन पहिल्याच फेऱ्याला पेटलं.

मी स्विच ऑफ केला तेव्हा सोपान मातीत बसलेला होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. मी टॉवेलने हात आवळून बांधला, वर धरायला सांगितला आणि त्याला जीपमध्ये घातलं. आठ दहाला मंचरच्या दवाखान्यात पोचलो. कसं झालं, डॉक्टरांनी विचारलं.

"माजीच चूक," सोपान म्हणाला. "हातमोजा काडला व्हता."

मी गप्प राहिलो. मी बोलणारच होतो, असं पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे बोलणार नव्हतो.

"फौजी असून असा कसा रं हात घातला?" लोक सोपानला विचारायचे. तो हसायचा. त्याला गाय पिळता येईना, ते काम वहिनींकडे गेलं. मी दर आठवड्याला ओतूरला जायचो. आज सांगायचंच असं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. पुढे आम्ही पुन्हा विमान उडवायला लागलो. आता पंख्यावर मी, स्विचवर सोपान. मी विचारलं की तो डाव्या हाताचं बोट स्विचला लावायचा, माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "स्विच ऑफ." बंद हा शब्द त्याने त्या माळावर परत काढला नाही.

सहा वर्षांनी सोपान हार्ट अटॅकने गेला. दहाव्याचा विधी आटोपल्यावर वहिनी ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. सांगताना रडलो.

"ठावं हाय मला, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "दवाखान्यातनं घरी आले त्याच दिवशी सांगितलं व्हतं त्यांनी."

"मग तुमी कदी बोलला न्हाई?"

"ते म्हनले, तू इचारू नको. तो आपनहून सांगंल." वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "तुमी आलात का मला चा टाकायला आत धाडायचे. म्हनायचे, जरा येळ लाव. आज सांगंल तो."

तो चहा मी दर वेळी सगळा संपवून उठत होतो.