झडती कोणी घेतली

त्या सकाळी मी आणि बायकोने तिची पोलिसातली खाकी साडी ताणली. तिची आठवड्याची सुट्टी होती. साडी धुतली की एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, मध्ये क्वार्टरचं अंगण. झटका मारायचा, ताणायची, मग दोरीवर टाकायची. इस्त्रीला सोपं जातं. मी केळीच्या गाड्या भरणारा हमाल, पण साडी ताणताना माझ्या बोटांतून टोक सुटायचंच.

"जोर लावा ना जरा," ती म्हणाली. "केळीना घड उचलतस, अन् साडी जड व्हस का तुमले?"

मी म्हटलं, "घड सरकारना नही ऱ्हास. हाई फाटनी तं तू माले आत टाकशी."

ती हसली. तेवढंच.

दुपारी ठाण्याचा जमादार दारात आला.

"बाई, चला. नदीकाठच्या हातभट्टीवर धाड आहे. तिथे बाईमाणूस आहे, झडती घ्यावी लागेल."

"आज माझी सुट्टी आहे, जमादार. वर्दीही ओली आहे."

"अशाच चला. नोंद मागून करू."

नोंद मागून करू. दहा वर्षं हे ऐकत होतो. ठाण्यात बाई पोलीस ती एकटी. बाईच्या अंगाला पुरुष पोलिसाने हात लावायचा नाही असा कायदा आहे, म्हणून बाई आरोपी सापडली की हिला बोलावणं. जेवताना, तापात, पोरगी आजारी असताना. वहीत मात्र सुट्टी ती सुट्टीच. मी चिडायचो. ती म्हणायची, आपल्या बुद्धवाड्यातून वर्दीत गेलेली मी पहिली बाई. मी कुरकुर केली तर मागून येणाऱ्या पोरींना घेणार नाहीत.

हिरवी, घरातली साडी नेसून ती जीपमध्ये बसली.

भट्टीवर दगडफेक झाली. एक दगड तिच्या कानशिलावर बसला. धुळ्याला नेता नेता वाटेत गेली.

पोलीस कामावर मेला की बिगूल वाजतो, बंदुका झाडतात. मी पाहिलेलं आहे. तिच्या वेळी काही नाही. एक हार आला, त्याच्यावर ठाण्याची चिठ्ठी नव्हती. साहेब आले नाहीत. जमादार आला आणि लांब उभा राहिला. सगळे रडत होते आणि मी रडता रडता हार बघत होतो. चिठ्ठी का नाही? माझ्या डोक्यात किडा तिथे शिरला. तो आज म्हातारपणी पण निघालेला नाही.

मग जमादार रोज यायला लागला. पोरीला पेन घेऊन आला. मला भाऊ म्हणायला लागला. दहा वर्षांत त्याने मला 'बाईंचा नवरा' यापलीकडे नाव दिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, ह्याला काहीतरी पाहिजे.

पाहिजे होती एका कागदावर माझी सही.

आधी जिल्ह्याच्या ऑफिसात बोलावलं. कारकुनाच्या टेबलापुढे उभा राहिलो. खुर्ची होती, तिच्यावर फायली होत्या. कारकून फॉर्म भरत होता. एका ठिकाणी थांबला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"इथे 'मयताच्या विधवेची सही' छापलंय. तुम्ही काय, विधवा का?"

चार टेबलं हसली. दुसरा कारकून म्हणाला, "अरे, त्याला तिच्या जागी भरती करा की. साडी नेसेल खाकी. आयुष्यभर बायकोचंच खाल्लंय."

आणि मी काय केलं? मीही हसलो.

बायको जाऊन महिना झाला नव्हता. साहेबलोक हसले म्हणून मी हसलो. शेटजी हसले की हमालाने हसायचं, ही लहानपणापासूनची सवय. बसने घरी येताना सगळी वाट दात दुखत होते.

पुढच्या खेपेला मला खुर्ची दिली. चहा दिला. तेव्हाच मी सावध झालो. कारकुनाने एक कागद पुढे सरकवला, वर हात ठेवूनच.

"इथे सही. म्हणजे तुमचं काम सुटलं."

"वाचतो."

"काय वाचता? सरकारी भाषा आहे. आणि अंगठा दिला तरी चालेल."

मी चौथी शिकलोय. बोट ठेवून वाचतो. त्याचा हात बाजूला केला आणि एकेक अक्षर लावलं. चहा गार झाला. लिहिलं होतं की माझी पत्नी साप्ताहिक सुट्टीवर असताना स्वतःच्या खाजगी कामासाठी नदीकडे गेली होती, तिथे चाललेल्या भांडणात सापडून जखमी झाली, तिचा शासकीय कामाशी संबंध नव्हता.

मी परत वाचलं. जमादार तिथेच भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे बघितलं तर तो पंखा बघायला लागला.

"ती कामावर मेली," मी म्हटलं. "ह्याने बोलावलं. माझ्यासमोर."

"वहीत नोंद नाही. अंगावर वर्दी नव्हती. घरच्या साडीत कोणी ड्युटी करतं का?" कारकून आवाज खाली आणून म्हणाला. "हे बघा, सही करा. पोरीची दहावी होईपर्यंत क्वार्टर राहू देतो. नाही केली तर महिनाअखेर खाली करा. कामावर मेली म्हटलं तर चौकशी लागेल, चार पोलिसांच्या नोकऱ्या जातील. तुम्हाला काय मिळणार?"

काय मिळणार ते मला माहीत होतं. पोरीला पुढे खात्यात जागा मागायचा हक्क, पूर्ण पेन्शन. ते सगळं एका वाक्यावर होतं. पण खरं सांगतो, त्या वेळी मला ते वाक्यच पाहिजे होतं. कामावर मेली. बाकी नंतरचं.

त्याला वाटलं, मी सहीला तयार झालो. तो शेजारच्या टेबलाकडे बघून म्हणाला, "ह्या लोकांचं असंच. सवलतीत लागायचं आणि मेल्यावरही सवलत मागायची."

पुन्हा हसले. जमादार पण हसला.

या वेळी माझं तोंड हललं नाही. मी उठून उभा राहिलो.

"साहेब, एक विचारू? त्या धाडीत भट्टीवाली बाई पकडली ना?"

"पकडली. मग?"

"तिची झडती कोणी घेतली?"

कारकुनाने जमादाराकडे बघितलं.

"ठाण्यात बाई पोलीस एक. ती तर म्हणता खाजगी कामाला गेलेली. मग त्या बाईच्या अंगाला हात कोणी लावला? ह्या जमादाराने? तसं लिहून द्या. नाहीतर पंचनाम्यात बाई पोलीस लिहिली असेल. तिचं नाव काय, ते सांगा."

कोणी हसलं नाही. जमादार म्हणाला, "भाऊ, घरी चला. घरी बोलू."

"भाऊ म्हणू नको मला."

कागद तसाच ठेवला. फाडला नाही. फाडला असता तर म्हणाले असते, दारू पिऊन आला होता.

संध्याकाळी पोरीला सांगितलं, हे घर जाणार. ती म्हणाली, "जाऊ द्या, बाबा. आईले खोटी पाडानी नही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी शाळेत गेली आणि मी नदीकाठच्या भट्टीवालीच्या झोपडीवर गेलो. ती जामिनावर सुटली होती. मला बघून तिने दार ओढलं. दगड तिच्याच माणसांचा होता, मला माहीत होतं. मला तिच्यावरही भरवसा नव्हता.

फटीतून विचारलं, "तुनी झडती कोणी लिधी?"

तिने दार उघडलं.

"तुमनी बायकोनी. आडोसा करीसन लिधी. दगड लागना तवय मना हात तिना हातमा होता."

"चारचौघांत सांगशी?"

"सांगसू तं माले आखो धरतीन."

"धरतीन," मी म्हटलं. तिला पुन्हा धरतील हे खरंच होतं, खोटं कशाला बोलू?

तिने माझ्याकडे बघितलं. मग पायांत चपला घातल्या.

कचेरीबाहेर झाडाखाली एक अर्ज लिहिणारा बसतो. त्याच्यापुढे आम्ही दोघं बसलो. ती सांगत गेली, मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. शेवटी मी म्हटलं, वाचून दाखव. त्याने वाचलं, "अर्जदाराची पत्नी कर्तव्यावर असताना मयत झाली असे समजते."

"असे समजते, हे कोणी सांगितलं?"

"तशी पद्धत असते, दादा. थेट लिहिलं की साहेबांना राग येतो."

"खोड ते."

त्याने खोडलं. मी बोट ठेवून परत वाचलं. मग तिने अंगठा दिला आणि मी खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.