रिपोर्ट नॉर्मल आहे!

नांदेडच्या एका लहानशा दवाखान्यात मी सिस्टर आहे. दिवसभर एकच इंग्रजी शब्द तोंडात. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल. आम्ही तो सहज बोलून जातो, समोरचा मात्र घरापर्यंत घेऊन जातो. चहाच्या वेळी एकीनं त्यावरचा किस्सा काढला, की दुसरीचा तयारच असतो.

भोकरचे एक काका पोटदुखी घेऊन आले. सगळ्या तपासण्या झाल्या. मी आनंदानं सांगितलं, "काका, सगळे रिपोर्ट नॉर्मल!"

त्यांचा चेहराच पडला. "मंग दुखून काय राहिलंय?"

डॉक्टरांनी पुन्हा पोट तपासायला घेतलं!

देगलूरच्या एका सुनेचं सिझर झालं. शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई या सुनेच्या सासूला ऐकवत होती, "आमच्या पोरीचं बघा, नॉर्मल झालं."

सासू ताडकन म्हणाली, "आमचं बी नॉर्मलच हाय! दोन हात, दोन पाय, अन् रडणं तर लई नॉर्मल!"

सून इतकी हसली, की टाके धरून बसली. सकाळपासून रडत होती बिचारी.

माझी आई लातूरला असते. रोज फोन करते. "कसं चाललंय?" विचारलं, की मी म्हणते, "नॉर्मल."

एका रविवारी ती पिशवी घेऊन दारात हजर! म्हणाली, "भांडलीस, चिडलीस तर मी निवांत असते. तू नॉर्मल म्हणालीस, की मला एसटी धरावी वाटते."

अन् त्या कंधारच्या बाई. निवृत्त शिक्षिका. अर्धांगवायूनं वाचा गेलेली. नवरा सतत उशाशी; त्यांनाही आम्ही काकाच म्हणायचो.

राऊंडला डॉक्टर म्हणाले, "बीपी नॉर्मल, जेवण नॉर्मल. मॅडम आता बऱ्यापैकी नॉर्मल आहेत."

काकांनी मान हलवली. "न्हाई साहेब. अजून माझ्यावर चिडली न्हाई."

डॉक्टर हसले. काका हसले नाहीत.

त्या दिवसापासून ते मुद्दाम ओला टॉवेल तिच्या खाटेवर टाकू लागले. बाई नुसत्या बघायच्या.

एका सकाळी खोलीतून काकांची हाक आली, "सिस्टर!" धावत गेले. बाई टॉवेलकडे रोखून बघत होत्या. ओठ थरथरत होते.

"टा... टावेल... उचला!"

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टॉवेल मात्र त्यांनी उचलला नाही. खाटेजवळ वाकून म्हणाले, "काय म्हणलीस? ऐकू न्हाई आलं. परत म्हण!"