पाहुण्यांच्या तक्रारींचे वाचन

धाकटी बहीण आता मुलाकडे मुंबईस असते. तिच्या ओट्यावरच्या त्या दुपारी मात्र मला आजही हव्याशा वाटतात. खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर तिचे घर. त्यातल्या दोन खोल्या ती पर्यटकांना देई. परत गेलेले पाहुणे इंटरनेटवर जे अभिप्राय लिहीत, ते मी तिला मोबाइलवरून वाचून दाखवीत असे. शेजाऱ्यांचेही वाचल्याशिवाय तिचे समाधान होत नसे. समुद्राचा आवाज रात्रभर बंद होत नाही, अशी एकाची तक्रार होती.

"मगे समुद्राक बटन लावूया काय?" ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत राहिली.

एका हिवाळ्यात ते हसणे थांबले. शेजारच्या तीन घरांत उतरलेल्या पाहुण्यांनी एकच गाऱ्हाणे लिहिले होते: घरी पोहोचताच मुलांना उलट्या-जुलाब. प्रत्येकाने दोष मासळीला दिला होता. मी तारखा मांडून पाहिल्या. सारे एकाच आठवड्यात राहून गेलेले. चौथा अभिप्राय बहिणीच्या घराचा होता.

मी आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या लिपिकाने नोंदवही दाखवली आणि रुग्णच नाहीत, असे सांगितले. रुग्ण असणार कुठून? ते पुण्याला आणि कोल्हापूरला जाऊन आजारी पडले होते. माणूस घरी जाऊन आजारी पडला की आपली जबाबदारी संपते, हे कोणत्या नियमात आहे ते लेखी द्या, असे मी बजावले. त्याने नोंदवही मिटली.

आमच्या लहानपणी मासळी विकणारी बाई टोपली उतरवण्याआधी कोणत्या वाडीत हगवण लागली आहे ते सांगे, आणि आई त्याच दिवसापासून पाणी उकळू लागे. त्या बातमीला आवक क्रमांक लागत नसे.

विहिरींचे पाणी तपासावे म्हणून मी रीतसर अर्ज लिहिला, मालवणात अभिप्रायांच्या छापील प्रती काढल्या, परिशिष्ट म्हणून जोडल्या आणि पोचपावती घेतली. प्रती तीनच जोडल्या. नाताळ तोंडावर होता आणि त्या पंधरवड्यावर बहिणीचे वर्ष निघत असे. कचेरीत जन्मभर इतरांच्या अर्जांतल्या त्रुटी दाखवणाऱ्या मी तो चौथा कागद घडी करून खिशात ठेवला.

आरोग्य सेवक आला, त्याने तीन विहिरींच्या पाण्याचे नमुने घेतले, ब्लीचिंग पावडर टाकली आणि बहिणीच्या बेड्यावरून, म्हणजे कुंपणाच्या फाटकावरून, पुढे निघून गेला. तिने मला विचारले, "माझो कागद खंय आसा, दादा?"

मी खरे ते सांगितले.

"लोकांच्या बावीत रोग आनि माझ्या बावीत गंगा?" ती म्हणाली. "उद्या माझ्याकडे पोरां येतली, ती कोनाची?"

मी तिथेच बसून पुरवणी अर्ज लिहिला. तिच्या विहिरीचा नमुना पिण्यास अयोग्य ठरला. नाताळची सगळी आरक्षणे तिने स्वतः फोन करून रद्द केली. कचेरीत बोलतात तसल्या जपून बोललेल्या मराठीत ती प्रत्येकाला सांगत होती, "आमच्या विहिरीचं पाणी तपासणीत खराब निघालं आहे. तुम्ही येऊ नका."

घरगुती अडचण आहे एवढेच सांग, असे मी हळूच सुचवले. तिने हातानेच मला गप्प केले आणि पुढचा नंबर लावून द्यायला सांगितला.