चटणीच्या पुडीतलं नागरिकशास्त्र

भवानी पेठेतली ती चटणीवाली मावशी शेंगाचटणी रद्दीतल्या शाळेच्या पुस्तकांच्या पानांत बांधते. अंगठ्याला थुंकी लावून पान फाडायचं, उजेडात धरून निरखायचं, मगच पुडी. इतक्या बारकाईनं मी पेपरही तपासत नाही. परवा तिनं विज्ञानाचं पान फेकून दिलं. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पोरांनी पेनानं रेघा मारल्यात. शाई लागती की चटणीला. हे नागरिकशास्त्र बगा, लई स्वच्छ. कुणी हातच लावत न्हाय."

वीस वर्षं मी तोच विषय घसा ताणून शिकवतोय.

माझ्या खिशातलं लाल पेन बघून तिनं विचारलं, "सर, तुमी काय शिकवता?"

"गणित," मी म्हणालो आणि मूलभूत हक्कांत बांधलेली पुडी घेऊन सटकलो.