लिन सर आणि माझी कुलुपं

दीड महिन्यापूर्वी मस्कतमधल्या मवालेहच्या भाजीबाजारात मेथी निवडत होतो आणि फोनवर लिन सरांच्या मुलीचा निरोप आला... बाबा गेले. "अहो, काय झालं?" बायको विचारत राहिली. मी फोनच तिच्या हातात दिला.

लिन सर चीनमधले भौतिकशास्त्रज्ञ. ऐन भरात संशोधन सोडून शाळेत शिकवायला लागले, पुढे त्यांच्या प्रांताच्या शिक्षण खात्यात मोठे अधिकारी झाले आणि निवृत्तीनंतर तीन वर्षं मस्कतला आमच्या कॉलेजात शिकवायला आले. मी तिथला लॅब असिस्टंट, मूळचा कणकवलीचा. माझी लॅब म्हणजे नुसती लखलखीत! भिंगं, लोलक, मीटर, सगळं पुसूनबिसून कपाटात आणि किल्ल्या माझ्या खिशात. सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मुलं यांना हात कधी लावतात?" मी ऐटीत म्हणालो, "सर, पाच वर्षांत एक वस्तू फुटलेली नाही." त्यांनी कपाटाच्या काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "सावंत, मी अधिकारी असताना अशाच शाळांना बक्षिसं देत फिरलो. काचा चकचकीत दिसल्या की सही. मुलांना काय येतं, ते विचारलंच नाही." स्वतःची चूक इतकी सरळ सांगणारा साहेब मी कधी पाहिला नव्हता. तरी राग आलाच मला. कुलुपं निघाली, त्याच आठवड्यात तीन लोलक फुटले आणि सर खुशीत! मी घरी येऊन चरफडत बसायचो.

पण वर्ष सरता सरता त्यांच्याभोवती घुटमळायची सवयच लागली. रोज चार वाजता थर्मासमधलं गरम पाणी पीत ते मला एकेक प्रयोग समजावून सांगत. एक दिवस म्हणाले, "पुढचा तास तुम्ही घ्या." माझी गाळणच उडाली. बी.एस्सी. अर्धवट सोडलेला माणूस मी, त्यात इंग्रजीची बोंब. "इन्शाल्ला, सर," म्हणून सटकलो. मायदेशी परतल्यावरही ते दर महिन्याला मेसेज करायचे, "तास घेतलात?" माझं आपलं प्रत्येक वेळी इन्शाल्ला. चार वर्षं टोलवलं मी त्यांना... याचं फार वाईट वाटतं.

मागच्या मंगळवारी विभागप्रमुखांकडे जाऊन एक तास मागून घेतला. फळ्यावर आरशाची आकृती काढली, तर सूर गावाहून आलेली एक मुलगी म्हणाली, "सर, किरण उलटा काढलात." वर्ग हसला, मीही हसलो. आणि नजर आपसूक दाराजवळच्या शेवटच्या बाकाकडे गेली. कुणाचाही तास असो, लिन सर तिथं येऊन बसायचे, विद्यार्थ्यासारखे. बाक रिकामा होता.

घेतला हो सर, तास घेतला. दोनच महिने आधी घेतला असता तर...